आक्का, ती हुरहूर नव्हती, मिसळ होती

आक्का, तुझं तेरावं उरकून आम्ही सांगलीला परत आलो, आणि आल्यापासून मला एकाच गोष्टीचा राग येतोय. तू आयुष्यात काही अर्धं टाकलं नाहीस. ताटात शीत ठेवलं नाहीस, पोरांच्या शुद्धलेखनाचं पान तपासायचं ठेवलं नाहीस, उसवलेली उशी दुसऱ्या दिवसावर ढकलली नाहीस. आणि नेमकं माझ्याशी चाललेलं भांडण तेवढं मधेच सोडून गेलीस. तेही मी जिंकत असताना.

"जिंकत हुतास व्हय रं?" असं तू आता म्हणणार. व्हय, जिंकत होतो. ती मिसळच होती.

कुणी तिसरं माणूस हे वाचेल तर त्याला वाटेल, थोरली बहीण गेली, आणि हा मिसळीचं काय घेऊन बसलाय. म्हणून पहिल्यापासून सांगतो. तुला सगळं ठाऊक आहे, तरी ऐक. आणि मधे बोलू नकोस. मधे बोलायची सवय आपल्या दोघांत माझी आहे, तुझी नव्हे.

विद्याश्री, माझी सून, आमच्या घरात आली तेव्हा तिला मराठीचे तीन शब्द येत होते: हां, नको आणि चहा. पोरगी बागलकोटच्या पुढची. माझ्या पोरानं, प्रशांतनं, आपलं आपणच जमवलेलं. दोघांचं आपसात हिंदीत चालायचं. बाकी घरात आम्ही तिच्याशी मोठ्यानं बोलायचो. कन्नड बोलणाऱ्या माणसाला कमी ऐकू येतं अशी माझी आणि माझ्या बायकोची, मंगलची, पक्की समजूत झाली होती. मंगल स्वयंपाकघरातून "मीठ" म्हणून ओरडायची, मी त्यावर सोप्यातून "अगं मीठ, मीठ" म्हणून ओरडायचो, आणि ती बिचारी दोघांकडं बघून चहा ठेवायची. त्या दिवसांत मी जेवढा चहा प्यालो तेवढा उभ्या जन्मात प्यालो नव्हतो.

तू साताऱ्याहून एस्टीनं आलीस, दोन दिवस हा तमाशा बघितलास आणि मला म्हणालीस, "बाळू, ती भैरी न्हाई. तुमी खुळं हाय."

पुढच्या खेपेला तू पिशवीतून कव्हर फाटलेला एक जुना दिवाळी अंक आणलास. पोरगी शाळेत हिंदी शिकलेली, त्यामुळं अक्षरं येत होती. अर्थाचं अडत होतं. तू एक गोष्ट उघडलीस, मधे शेंगांची परात ठेवलीस आणि म्हणालीस, "वाच."

तुझी पद्धत मला पहिल्या दिवशीच पटली नाही. शब्द अडला की थांबायचं नाही. विचारायचं तर अजिबात नाही. परातीतली एक शेंग उचलायची, पानाशेजारी फरशीवर ठेवायची आणि पुढं वाचायचं. पुढं कुठंतरी त्या शब्दाचा अर्थ उलगडला की आपला अंदाज सांगायचा, आणि तो कशावरून बांधला ते त्या ओळींत बोट ठेवून दाखवायचं. "खूण दाखव," म्हणायचीस तू. खूण पटली की शेंग फोडून खायची. नाही उलगडला तर शेंग तशीच वाटीत टाकायची. "ही वली हाय अजून. वाळू दे." माण तालुक्यात मेंढपाळांच्या पोरांना तू असंच शिकवलंस. तिथं शेंगा नसायच्या तेव्हा चिंचोके असायचे, एवढाच फरक.

माझा जन्म कुपवाडात, आपल्या छोट्या कारखान्यात, लेथवर गेला. आमच्याकडं अंदाजानं शाफ्ट कापणारा माणूस दुसऱ्या दिवशी गेटच्या बाहेर असतो. ड्रॉइंग कळलं नाही तर विचारावं. विचारायला पैसे पडत नाहीत, भंगारात गेलेल्या जॉबला पडतात. हे मी तुला तेव्हाच सांगितलं. पोरीला सरळ अर्थ सांगून टाक, दोन महिन्यांत मोकळी होईल. तू शेंगा निवडत म्हणालीस, "शब्द म्हंजी शाफ्ट न्हवं. शब्दाला टॉलरन्स असतो, जरा इकडं-तिकडं चालतं."

मी विचारलं, "तुला टॉलरन्स कुणी सांगितला?"

"कुणी न्हाई. तू फोनवर पोरांना शिव्या देत असतोस, त्यातनं कळला."

ती फेरी तू जिंकलीस, कबूल. तिठ्याचीही जिंकलीस. पण तिठ्याचं असं झालं की तू तेव्हा पाणी प्यायला आत गेली होतीस. गोष्ट एका नावाड्याची होती. नदीवर पूल होतो, नावेचं काम संपतं आणि नावाडी घरी बसतो. त्याची बायको रोज 'तिठ्यावर जाऊन उभी राहायची'. विद्याश्रीनं शेंग ठेवली. मला राहवलं नाही. तिठा हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. तीन रस्ते मिळतात त्या जागेला आपल्याकडं तिकटी म्हणतात. पण सासऱ्यानं सुनेसमोर 'ठाऊक नाही' म्हणायचं, तेही मराठीत? मी खाली वाकून हळूच सांगितलं, "तिठा म्हणजे तिखटाचा प्रकार. चटणी असते बघ तसली."

तू बाहेर आलीस. पोरगी शेंग खात बसलेली. "काय गं कळलं?" तिनं पानावर बोट ठेवून सांगितलं, नावाड्याची बायको चटणीवर उभी आहे.

तू माझ्याकडं बघितलंस. रागानं नाही. मुख्याध्यापक फळा पुसायच्या डस्टरकडं बघतो तसं. "बाळू, बाहीर जाऊन बस."

साठी ओलांडलेला माणूस, पंधरा-वीस कामगार हाताखाली राबवलेला, स्वतःच्या घराच्या पायरीवर शिक्षा भोगत बसला. आतून तुम्हा दोघींचं हसणं ऐकू येत होतं. खरं सांगू? त्या घरात ती पोरगी पहिल्यांदा हसली ती माझ्या चटणीवर. त्या हसण्यावर मी अजूनही हक्क सांगतो.

मग गाडी रुळावर आली. तू दर पंधरा दिवसांनी शनिवारी यायचीस. मधल्या दिवसांत विद्याश्री मिळतील ते शब्द आमच्यावर चालवून बघायची. मंगलची भाजी 'ओसाड' झालीय म्हणाली. प्रशांतचा शर्ट 'गहिवरलाय' म्हणाली. तो पावसात भिजून आला होता. आम्ही हसायचो, तीही हसायची, चुकलेली शेंग परत वाटीत जायची. एकदा मंगल मला म्हणाली, "अवं, आता ती माझ्याशी भांडती बी." सासूच्या तोंडून सुनेचं यापेक्षा मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

आणि मग मिसळ.

मी कारखान्याच्या चाव्या प्रशांतच्या हातात दिल्या त्याला आठवडा झाला असेल. सकाळी स्टँडकडं चक्कर मारली, गाड्यावर मिसळ घेतली, वरचा तिखट कट दोनदा वाढून घेतला. घरी येईपर्यंत पोटात कारखाना सुरू झाला. खिडकी लावली, चादर ओढली, पडून राहिलो. ताट आलं तसं परत पाठवलं. मोबाईल बाहेर राहिला होता. आमचं जुनं गिऱ्हाईक, मोठे साहेब, त्यांचा फोन आला आणि तो विद्याश्रीनं उचलला. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं, पण उठायची ताकद नव्हती.

"मामांना हुरहूर झालीय," ती सांगत होती. "लय झालीय. डॉक्टरकडं न्यायला पायजे."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"हो ना. सकाळपासून सारखी बाथरूमला जातायत."

संध्याकाळी साहेबांनी माणसाबरोबर शहाळी पाठवली.

मी तिला विचारलं, कुठून काढलास हा शब्द? तिनं अंक आणला आणि पानावर बोट ठेवलं. नावाड्यानं खिडकी लावून घेतली. घोंगडी पांघरून पडून राहिला. भाकरी तशीच परत गेली. बायको कपाळाला हात लावून बघायची. 'त्याला हुरहूर लागून राहिली होती.' आता यावरून माणसानं ताप सोडून दुसरा काय अर्थ लावावा? शेंग तिनं केव्हाच खाल्ली होती. मी पोट धरून हसलो, आणि पोट धरायचं दुसरंही कारण होतंच.

असली गोष्ट माझ्यासारख्या माणसाच्या पोटात राहत नाही, आक्का. मिसळ राहिली नाही, ही कशी राहील? तुझ्या विजूच्या मुलीच्या बारशाला, साताऱ्यात, तुझ्याच घरात मी ती काढली. साहेबांचा आवाज काढला, विद्याश्रीचा काढला, शहाळी आणणाऱ्या माणसाचाही काढला. पुरुष मंडळी आडवी झाली. कुणीतरी म्हणालं, "मामा, हुरहुरीवर काय घेता? ओआरएस?" परत एकदा हशा. त्याच वेळी विद्याश्री घुगऱ्यांचं ताट घेऊन दारात आली होती. ती ताट ठेवून आत गेली.

मला वाटलं, वाढायला गेली.

घरी आल्यावर तिनं अंक माळ्यावर टाकला. परात घासून पालथी घातली. आणि परत तीन शब्दांवर आली: हां, नको, चहा. मंगल तिच्याशी मुद्दाम भांडण काढायची. ती "हां" म्हणून बाजूला व्हायची. मी एकदा मुद्दाम तिच्यासमोर मोठ्यानं म्हटलं, "भाजी लय ओसाड झालीय आज." ती हसली नाही. भाजीत पाणी घालून आणली.

तुला हे मंगलनं कळवलं. तुझा फोन आला तेव्हा मी दोन्ही पाय जमिनीवर रोवून बसलो. तुझी हाक नुसती ऐकली तरी आजही माझी चड्डी नाडीची होते.

"बाळू, पोरीनं अर्थ बरोबर लावला हुता."

"आक्का, हुरहुरीनं कुणाला जुलाब हुत्यात का?"

"मिसळ कवा खाल्लीस?"

"सकाळी."

"कुणासंगं?"

"एकटाच."

"तुला मिसळ कवा आवडली रं? आईनं मटकी केली तर तू ताट ढकलायचास. चाव्या दिल्यापासनं तू रोज सकाळी मंगलकडं डबा मागतोस. ती म्हणती, आवं, कारखान्याला जायाचं न्हाई आता. मग तू जातोस स्टँडवर. सकाळी, डबा घिऊन निघायच्या वक्ताला, माणसांच्या गर्दीत जाऊन बसतोस आन् आवडत न्हाई ते खातोस. घरी यिऊन खिडकी लावतोस. पोरीला तुझं बोलणं कळत न्हवतं, म्हणून ती तुला बघत हुती. मी खूण दाखवली. आता तू दाखव."

"कट दोनदा घेतला, ही खूण."

"त्यो पोटाचा अर्थ झाला."

"मग हुरहूर काय डोक्यात असती? ताप म्हणाली ती. डॉक्टरकडं न्या म्हणाली! एवढं तरी चूक हाय का न्हाई?"

"हाय. निम्मं चूक हाय. शब्द एकदा भेटून कुणाला पुरा कळलाय? दुसऱ्या गोष्टीत भेटंल, तिसऱ्या गोष्टीत भेटंल, मग नीट हुईल. पण तिनं तिसऱ्या गोष्टीपातूर जायाचं कसं? तू तिला पयल्याच गोष्टीत चावडीवर उभी केलीस."

तुझ्याकडच्या कुकरची शिट्टी झाली. मग तू म्हणालीस, "शनिवारी येते. गोष्ट पुरी करून घेते तिच्याकडनं. आन् बाळू, तू घरात नसलास तर बरं."

आणि फोन ठेवलास.

मी ठरवलं होतं, घरातच थांबायचं. पायरीवर का होईना. उत्तर जुळवून ठेवलं होतं, चांगलं खणखणीत. शनिवार यायच्या आत विजूचा फोन आला. "मामा, आई सकाळी उठलीच न्हाई."

तेव्हापासून मी ते शेवटचं वाक्य फिरवून फिरवून बघतोय. तू घरात नसलास तर बरं. रागावून म्हणालीस, की दंगेखोर पोराला वर्गाबाहेर काढतात तसं, सवयीनं? मागंपुढं बघितलं तर मागं कुकरची शिट्टी आहे आणि पुढं काहीच नाही. पुढचं पानच नाही, आक्का. खूण दाखव, म्हणतेस, कुठून दाखवू?

दहाव्याला माहुलीला, घाटावर, सगळी जमलो. विजूनं मुंडण केलेलं, पोर दहा दिवसांत म्हातारं दिसायला लागलेलं. पिंड मांडले. पत्रावळीवर तुझ्या आवडीचं सगळं ठेवलं: चहा, चहात बुडवायची खारी, कांद्याची भजी. आम्ही मागं सरकलो आणि कावळ्याची वाट बघायला लागलो. समोर झाडावर कावळे होते. एक खाली उतरला, दोन उड्या मारल्या, तिरकी मान करून खारीकडं बघितलं आणि परत वर जाऊन बसला.

तुझा यावर विश्वास नव्हता. तू जिवंत असतीस तर म्हणाली असतीस, एवढी माणसं टक लावून बसल्यावर कावळाच काय, पाहुणा बी जेवणार न्हाई. पण ऊन चढायला लागलं तसं लोक अस्वस्थ झाले. "काहीतरी मनात राहिलंय आक्काच्या," चुलते आबा म्हणाले, आणि अंदाज सुरू झाले.

विजू हात जोडून म्हणाला, "आई, घर बंद ठेवत न्हाई. महिन्याला येऊन उघडतो." कावळा हलला नाही. मंगल म्हणाली, "आक्का, तुमची तुळस मी सांगलीला न्हेती." नाही. एकानं सांगितलं, बाळीच्या बारशाला द्यायची राहिलेली भांडी. दुसऱ्यानं सांगितलं, माणमधली शाळा, तिथं वह्या वाटू. तुझ्यासारख्या बाईला काय हवं होतं याचे एवढे अर्थ निघतील असं मला वाटलं नव्हतं. आणि कुणीच पानावर बोट ठेवून दाखवत नव्हतं.

मग आबा माझ्याकडं वळले. "बाळू, तू बोल की. तुझं आन् तिचं कायतरी चाललं हुतं म्हणं."

मी पुढं झालो. हात जोडले. तोंडातून भलतंच बाहेर आलं. "बरं आक्का. हुरहूर म्हणजे ताप. झालं? ये आता."

मागं खसखस पिकली. आबा म्हणाले, "ह्याला उन्हातनं बाजूला घ्या रं." कावळा जागचा हलला नाही. बरोबर आहे, खोटं उत्तर तुला फोनच्या पलीकडूनही ओळखू यायचं.

तेवढ्यात बायकांच्यातून विद्याश्री उठली. डोक्यावरचा पदर सावरत सगळ्या माणसांच्या पुढं आली. बारशापासून तिनं त्या माणसांसमोर तोंड उघडलेलं नव्हतं, आणि तिथं जवळजवळ तेच चेहरे होते. ती झाडाकडं न बघता पत्रावळीकडं बघून बोलली, मोठ्यानं, जसं तुझ्यासमोर वाचायची तसं.

"आत्या, गोष्ट अर्धा राहिला. मी पुरा वाचते. आणि मामा मधे बोलणार न्हाईत."

आक्का, सगळा घाट माझ्याकडं वळला. आबा, विजू, गुरुजी, मंगल. कुणी हसलं नाही. माझ्या वतीनं वचन देऊन ती उभी होती आणि मला विचारायची तिला गरज वाटली नव्हती. मी मान हलवली. एकदा हलवून लोकांना दिसली नसेल म्हणून परत हलवली.

"शिवला! शिवला!" आबा ओरडले.

वळून बघतो तर पत्रावळ उलटी, भात विस्कटलेला, खारी गायब. लोकांनी हात जोडले. विजू रडायला लागला. कावळा कुणी बघितला नव्हता, कारण सगळे मला बघत होते. मी मात्र बघितलं: घाटाच्या खालच्या पायरीवर एक तांबडं कुत्रं निवांत जिभल्या चाटत होतं, आणि त्याच्या मिशीला खारीचा चुरा लागला होता. याहून स्वच्छ खूण तू जन्मात बघितली नसशील.

मी मधे बोललो नाही.

हे मी तुला मुद्दाम सांगतोय. मला पायरीवर बसवून तुला जे जमलं नाही ते तिनं एका वाक्यात जमवलं.

तेराव्यानंतर घरी आलो. खिडकीतून उजेड डोळ्यांवर येतो म्हणून ती लावून घेतली. शाल घेतली. मंगल ताट आणते, मी बाजूला सारतो. काल उठून गेटपर्यंत गेलो, कशासाठी ते आठवेना, परत आलो. थोड्या वेळानं परत गेलो. प्रशांत म्हणाला, "पप्पा, कारखान्यावर येताय का चक्कर मारायला?" गेलो, लेथसमोर उभा राहिलो, पोरांना शिव्या द्याव्यात म्हणून तोंड उघडलं आणि एकही आठवली नाही. पोरं घाबरली. मंगल दर तासाला कपाळाला हात लावून बघते. ताप नाही. पोट ठणठणीत. स्टँडच्या दिशेला फिरकलेलो नाही.

आज शनिवार.

दुपारी एस्टीच्या वेळेला माझा कान दाराकडं होता. त्याला कुणी सांगायचं, तू येणार नाहीस म्हणून? तेव्हा विद्याश्रीनं स्टूल घेतलं, माळ्यावरचा अंक काढला, फडक्यानं पुसला. परात सरळ करून त्यात शेंगा ओतल्या. आणि माझ्यासमोर फरशीवर येऊन बसली. तुझी जागा तिनं मोकळी ठेवली, भिंतीजवळची, जिथं तू पाय लांब करून बसायचीस.

तिनं वाचायला सुरुवात केली. नावाडी एका सकाळी उठतो, नदीवर जातो. पालथी घातलेली नाव सरळ करतो, धुतो, पुसतो. नदी आटलेली. नाव वाळूत तशीच, आणि तो तिच्यात चढून बसतो. बायको त्याला शोधत येते. त्याला तसा बसलेला बघून तिला 'उमाळा येतो'.

विद्याश्री अडली. शेंग उचलली, फरशीवर ठेवली. माझ्याकडं बघितलं.

माझी जीभ दातांपर्यंत आली, आक्का. सांगायला निघालो, आणि सांगताना लक्षात आलं की मलाही नक्की ठाऊक नाही. आयुष्यभर ऐकलेला शब्द. मी वाकलो, परातीतली एक शेंग उचलली आणि तिच्या शेंगेशेजारी माझी ठेवली.

ती पुढं वाचत गेली. बायको भाकरी घेऊन नावेत चढते. दोघं वाळूतल्या नावेत बसून जेवतात. पूल वरून जात असतो. गोष्ट संपते.

तिनं अंक मिटला, आपली शेंग फोडली. "आतून येतो आणि थांबत न्हाई, तो," म्हणाली. "पाणी सारखा. ती रडते, पण भाकरी देते." दाणे तोंडात टाकले. माझी शेंग तशीच होती. मी ती उचलून वाटीत टाकली. वली हाय अजून.

आतून मंगलनं हाक दिली. "आवं, ताट परत तसंच हाय! आता मी डॉक्टरांना फोन लावती बघा."

"नको आई," विद्याश्री बसल्या जागेवरून म्हणाली. "मामांना हुरहूर लागलीय. डॉक्टर काय करणार?"

गोष्ट संपली होती, म्हणजे आता बोलायला हरकत नव्हती; वचन मधे न बोलण्याचं होतं. आवाज जमेल तेवढा तुझ्यासारखा काढला.

"खूण दाखव."

तिनं लावलेल्या खिडकीकडं बघितलं. शालीकडं बघितलं. ताटाकडं. मग शेंगांची परात थोडी सरकवली आणि भिंतीजवळच्या त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

त्या दिवशीची मिसळच होती, आक्का. ते मी सोडणार नाही. कट दोनदा घेतला होता.

पण आज मी सकाळपासून काहीच खाल्लेलं नाही.